आमचं पार्सल द्या हो

गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
सचिव,
अंबरछाया सहकारी गृहनिर्माण संस्था,
शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ (पूर्व).

महोदय,

आपली नोटीस मिळाली. महिपती वॉचमनने ती दाराच्या कडीत खोचून ठेवली होती. हातात द्यायचा त्याला धीर झाला नसावा. सदनिका क्रमांक एकमध्ये विनापरवाना पाळणाघर चालवून निवासी जागेचा व्यावसायिक वापर केल्याबद्दल आपण माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. तो खालीलप्रमाणे.

समीर, हे 'आपण' आणि 'महोदय' मला पुढे रेटता येणार नाही. दोन कागद फाडून झाले. ज्या मुलाला मी चड्डीची नाडी बांधायला शिकवलं त्याला महोदय म्हणताना हात अडतो. परवा गेटवर मी तुला थांबवलं तेव्हा तू मोबाईलमध्ये बघत म्हणालास, "काय असेल ते लेखी द्या, मॅडम." एकतीस वर्षांचा झालास म्हणून मावशीची मॅडम होते हे मला माहीत नव्हतं. असो. लेखी मागितलंस, लेखी घे.

आधी 'विनापरवाना' या शब्दाबद्दल. बिल्डिंग नवी होती, जिन्याला रंगसुद्धा लागला नव्हता, तेव्हा या संस्थेचे पहिले सचिव माझ्या दारात आले आणि म्हणाले, "उमाताई, तुम्ही घरीच असता. आमच्या सम्याला दिवसभर सांभाळाल का? हिची टेलिफोन ऑफिसातली नोकरी सुटायला नको." ते सचिव म्हणजे तुझे अण्णा, देवदत्त चांदोरकर. म्हणजे परवानगी तर सोड, पाळणाघर सुरूच सचिवांच्या विनंतीवरून झालं, आणि पहिलं गिऱ्हाईक तू. पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाहीस. अण्णा कारखान्यातून पहिली पाळी करून सुटले की दारात उभे राहून हाक मारायचे, "आमचं पार्सल द्या हो." मी आतून, हात पिठात असले तरी, "न्या," म्हणायचे. मग ते उंबऱ्यावर बसून तुझ्या सँडलचे पट्टे लावायचे. सोमवार असला की तुला घरी न नेता परस्पर शिवमंदिरात न्यायचे. तुला हे आठवत असेल की नाही, कोण जाणे.

आता व्यावसायिक वापराबद्दल. पहिल्या मजल्यावर ब्लाउज शिवले जातात. तिसऱ्यावर दहावीची शिकवणी चालते, तिथल्या मुलांच्या सायकली माझ्या खिडकीला टेकलेल्या असतात. अध्यक्ष पुष्कर गद्रे यांच्या हॉलमध्ये श्रावणापासून साड्यांचं प्रदर्शन मांडलेलं आहे. तू म्हणशील की त्यांच्याबद्दल कुणी लेखी तक्रार दिलेली नाही. बरोबर आहे. मीही देणार नाही. त्या शिवणयंत्रावर कुणाची तरी फी निघते हे मला माहीत आहे. पण मला अक्कल नाही असं समजू नकोस. खरी अडचण धंद्याची नाहीच. माझ्याकडे आता बिल्डिंगमधली मुलं कमी आणि बुवापाड्याच्या वस्तीतली जास्त येतात, त्यांच्या आया फॅक्टरीत पॅकिंगला जातात, आणि त्यांची चिखलाची पावलं आपल्या टाइल्सवर उमटतात, ही ती अडचण आहे. तसं लिहायला लाज वाटली म्हणून तुम्ही 'व्यावसायिक वापर' लिहिलंत.

राहिला सोमवारचा प्रकार. सोनू, वय अडीच, दुपारी माझ्या घरातून बाहेर गेला आणि शिवमंदिरापाशी सापडला. दाराची जबाबदारी माझी होती. ती मी टाळत नाही. त्या दिवशीच सुताराला बोलावून दाराला वर, माझाही हात जेमतेम पोचेल अशी कडी बसवून घेतली आहे. कुणीही येऊन बघावं.

सोनूला अण्णांनी शोधून आणलं, असं नोटिशीत म्हटलं आहे. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

कळावे, राग असावा.
उमा पेठे

ता. क. अण्णांचा खोकला वाढला आहे. रात्री त्यांच्या खोलीतला पंखा बंद करत जा.


सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

समीर,

तुझं दुसरं पत्र आलं. त्यातली एक ओळ मी पुन्हा वाचली. "मुलाच्या पायात सँडल होत्या व पट्टे लावलेले होते, हे कसे?"

हुशार आहेस. लहानपणीही शंका काढल्याशिवाय घास गिळायचा नाहीस. अडीच वर्षांच्या मुलाला पट्टा लावता येत नाही हे खरं आहे. मी या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. वाटलं तर सभेत सांग की मॅडमनी उत्तर द्यायला नकार दिला. दार माझं, मूल माझ्या ताब्यातलं, चूक माझी, इतकं तुमच्या ठरावाला पुरेसं आहे.

तू सोनियाला, म्हणजे सोनूच्या आईला, फोन करून लेखी तक्रार द्यायला सांगितलंस हेही मला कळलं. तिनेच सांगितलं. म्हणाली, "मावशी, ते सर बोलले की दोन लाइन लिहून द्या, बाकी आम्ही बघतो. मी बोलली, मला काय लिहायचं नाय." तुला वाटेल मी तिला पढवलं. मी तिला त्या संध्याकाळी फक्त दुपारी काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मुलाच्या आईपासून मी काही लपवत नाही. ती सोनूला मांडीवर घेऊन त्याच्या तळव्यांवरून हात फिरवत बसली. मग तिने एका गोष्टीचं वचन मागितलं, ते मी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन दारात हजर होती. मला तेव्हा रडू आलं, आणि मी उगीचच तिच्यावर ओरडले की डब्यात बिस्किटं देत जाऊ नकोस.

तर सोनियाला माहीत आहे आणि तुला नाही. का, ते विचारू नकोस.

आता सभेच्या विषयपत्रिकेबद्दल. विषय दुसरा, निवासी सदनिकांतील पाळणाघरांना बंदी. ठीक आहे, ती लढाई मी लढेन. पण विषय पहिला, "मुलाचा जीव वाचवल्याबद्दल ज्येष्ठ सभासद श्री. देवदत्त चांदोरकर यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार." हे कुणाच्या डोक्यातून निघालं? गद्र्यांच्याच असेल, त्यांच्या घरी शालींचा साठा आहे.

समीर, हा सत्कार करू नकोस. हात जोडून सांगते. माझं पाळणाघर बंद करायचं तर कर, पण अण्णांना माइकसमोर उभं करू नकोस. तू म्हणशील, म्हातारीला जळफळाट होतो आहे, आपली फजिती आणि शेजाऱ्याचा सत्कार सोसवत नाही. म्हण. मला तेही चालेल.

उमामावशी


शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

समीर,

उत्तर आलं नाही, तेव्हा सत्कार होणार असं धरून चालते. काल महिपती गेटवर फळा पुसत होता. मी विचारलं, काय लिहितोयस. तर म्हणाला, "सत्काराचा लिवायचा हाय, काकू. तुमचा पन लिवायचा हाय, खाली." एकाच फळ्यावर वरती अण्णा आणि खालती मी. चामटोलीहून सायकल मारत येणाऱ्या त्या माणसालाही ते बरं वाटत नव्हतं, खडू उगाच बोटांत फिरवत होता.

आज गद्रेही येऊन गेले. साखरेत घोळून बोलतात. म्हणाले, उमाताई, मध्यम मार्ग काढू, बाहेरची मुलं बंद करा, बिल्डिंगमधली ठेवा, ठराव तसा बदलून घेतो. मी विचारलं, बिल्डिंगमधली किती उरली आहेत? ज्यांना गरज आहे ते भाडेकरू, त्यांना सभेत हात वर करता येत नाही. ज्यांना हात वर करता येतो त्यांची मुलं अमेरिकेत नाहीतर पुण्यात. आणि सोनियाने सोनूला कुठे ठेवायचं, पॅकिंगच्या खोक्यात? ते चहा अर्धा टाकून उठले. माझ्या जिभेने माझा जन्मभर असाच तोटा केला आहे, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

भीती वाटते ती वेगळीच. मला झोप येत नाही, समीर. हे घर मुलांच्या आवाजाशिवाय कसं असेल ते मला माहीत नाही. आमचे हे गेले त्या आठवड्यातही इथे दोन पाळणे हलत होते, म्हणून मी उभी राहिले. पाळणाघर गेलं तर मी सकाळी कशासाठी उठायचं? हे मी तुला लिहिते आहे, सचिवाला नाही.

आणि आता तुला काही विचारते. तू मला प्रश्न विचारलेस, माझेही घे.

अण्णा दुपारी काय जेवतात? राजसी सकाळी ऑफिसला जाताना सासऱ्यांसाठी डब्यात पोळीभाजी काढून ठेवते, ती गुणी मुलगी आहे. पण संध्याकाळी तो डबा घासलेला का असतो, हे तुम्ही दोघांनी कधी बघितलंत? अण्णा कधी डबा घासतील का? स्वयंपाकघरातल्या गॅसचं बटण सिलेंडरपाशी कोण बंद करून ठेवतं? तुमच्या घराची किल्ली माझ्या खिळ्यावर का असते? अण्णांनी पेपर वाचायला म्हणून माझ्याकडे बसायला सुरुवात केली ती गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर, आणि तुला वाटतं ते तासभर टेकतात. एक दिवस रजा घे. कुणाला न सांगता घे आणि दिवसभर त्यांच्या बरोबर राहा. सभेच्या आत घेतलीस तर बरं. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही, मी शब्द दिलेला आहे.

तू फोन उचलत नाहीस, भेटलास तर लेखी मागतोस. हे लेखी आहे. नीट वाच.

मावशी


सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५, सकाळ

सम्या,

काल सभेनंतर, दिवेलागणीच्या सुमाराला, तू माझ्या दाराशी आलास. जाळीतून तुझी सावली मला दिसली. बेलपर्यंत हात नेलास आणि परत गेलास. मीही उठले नाही. चुकलं माझं. पण काल मला तुझा राग आला होता, आणि आज तो अर्धाच उरला आहे, म्हणून लिहायला बसले.

ठराव मंजूर झाला. आता महिनाअखेर बंद करायचं आहे. त्यामुळे आता मी काहीही सांगितलं तरी कुणी म्हणणार नाही की धंदा वाचवायला बाई म्हाताऱ्याचं नाव पुढे करते आहे. म्हणून सांगते. अण्णांना दिलेला शब्द मोडते आहे, त्याचं पाप माझ्या माथी.

त्या सोमवारी सोनू स्वतः बाहेर गेला नाही. त्याला अण्णांनी नेलं, आणि मी नेऊ दिलं.

दुपारची झोप होऊन मुलं उठली होती. मी त्यांच्यासाठी शिरा करत होते. कढईत रवा होता, हात हलवणं थांबवता येत नव्हतं. दारातून हाक आली, "आमचं पार्सल द्या हो." तोच आवाज, तीच वेळ. आणि मी, सम्या, वळून न बघता म्हणाले, "न्या. चपला घालून न्या हो, ऊन आहे." इतकी वर्षं मी त्या हाकेला हेच उत्तर दिलं होतं. तोंडातून आपोआप गेलं. रव्यात पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की सम्या तर एकतीस वर्षांचा आहे. मग मी कुणाला न्यायला सांगितलं?

धावत बाहेर आले तर सोनू नाही. मी आवारात ओरडत फिरले ते सगळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात मंदिरापाशी फुलं विकणाऱ्या कौसाबाईचा फोन आला. तिच्याकडून मी रोज हार घेते, ती आम्हाला सगळ्यांना ओळखते. म्हणाली, "ताई, तुमचे काका पोराला घेऊन पायरीवर बसलेत. घर खंय ता त्यांना आठवत नाय." मी रिक्षाने गेले. सोनू मजेत होता, हातात झेंडूचं फूल होतं. अण्णांशी तो रोज खेळतो, तो का घाबरेल? पायांत सँडल होत्या, पट्टे घट्ट लावलेले, उंबऱ्यावर बसून लावतात तसे. अण्णा कौसाबाईला सांगत होते, "हा आमचा सम्या. ह्याची आई टेलिफोनमध्ये असते, येईल एवढ्यात." वहिनींना, तुझ्या आईला, जाऊन चार वर्षं झाली.

आम्ही तिघं रिक्षातून उतरलो तेव्हा सोनू अण्णांच्या कडेवर होता. गेटवर गद्रे उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे वा, देवदत्तरावांनी शोधलं पोराला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांचा चेहरा इतका फुलला की तो मला विझववेना. त्या क्षणी बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण मला ते जमलं नाही.

शब्द मी आधीच दिला होता. अण्णांना सगळं कळत नाही असं नाही. काही दिवस लख्ख असतात. अशाच एका दुपारी ते माझ्या हॉलमध्ये, पाळण्याच्या दोरीला हात लावून बसले होते, आणि म्हणाले, "उमाताई, माझ्या डोक्यातून काहीतरी सांडत चाललंय. सम्याला सांगू नका. तो मला बदलापूरच्या त्या वृद्धाश्रमात ठेवेल, नाहीतर नोकरी सोडून घरी बसेल. दोन्ही नको." तेव्हापासून ते दिवसभर माझ्याकडे असतात. मुलांबरोबर वरणभात जेवतात, मुलांबरोबर झोपतात. सोनियाने मागितलेलं वचन एवढंच होतं, की पुन्हा अण्णांच्या एकट्याच्या हातात मूल द्यायचं नाही. अण्णा येऊ देत, ती म्हणाली, माझा बापपण असाच होता.

तर सचिव महोदय, गेलं वर्षभर तुमचे वडील त्याच पाळणाघरात आहेत, ज्याच्यावर तुम्ही काल बंदी घातलीत.

कालच्याबद्दल काय लिहू? पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, अण्णांच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. गद्र्यांनी माइक दिला आणि म्हणाले, दोन शब्द बोला. अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणाला तरी शोधत होते. मग मी दिसले, तेव्हा त्यांना हायसं वाटलं, आणि ते माइकमध्ये म्हणाले, "उमाताई, आमचं पार्सल द्या हो. आज फार उशीर झाला."

लोक हसले. गद्रे म्हणाले, काका पहिल्यापासून मिश्किल. फक्त तू हसला नाहीस. तू कागदांची फाइल छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिलास, आणि तुला ती हाक आठवते हे मला तुझ्या तोंडावरून कळलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी हा सभा थांबवेल. तू घसा साफ केलास आणि ठराव वाचलास. हात वर झाले. तुझाही झाला, सगळ्यांच्या शेवटी. अण्णांनी तर हौसेने केला, सगळे करत होते म्हणून. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांचं मतही मोजलं गेलं. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो तुझ्यावर आला.

आता पुढचं. मी रडत बसणार नाही. बुवापाड्यात सोनियाच्या शेजारी एक खोली रिकामी आहे. काल संध्याकाळी तिच्याशी बोलून ठेवलं. पत्र्याचं छप्पर आहे, पण दारात लिंब आहे आणि नळाला पाणी येतं. तिथे सोसायटी नाही, विषयपत्रिका नाही. एक तारखेपासून पाळणे तिकडे हलतील. मुलं तिथलीच आहेत, त्यांच्या आयांना जवळच पडेल.

अण्णांना मी सकाळी रिक्षातून बरोबर नेईन. तुझ्या परवानगीने. आश्रम की नोकरी, असा प्रश्न तूर्त तरी पडायला नको. डॉक्टरांकडे मात्र या आठवड्यात घेऊन जा, ते मी करणार नाही, ते मुलाने करायचं असतं. आणि त्यांच्यासमोर चेहरा असा कालच्यासारखा करू नकोस. त्यांना वाटतं आपल्या हातून चांगलं काम झालं. ती शाल त्यांनी झोपतानाही काढली नसेल.

संध्याकाळी ऑफिसातून सुटलास की तू त्यांना न्यायला यायचंस. पत्ता कुणालाही विचार, पाळणाघर म्हटलं की दाखवतील. चिखल असेल, बूट सांभाळून ये. दारात उभा राहून हाक मार. काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

पण मी आता आतून नुसतं "न्या" म्हणणार नाही. हातातलं काम टाकून बाहेर येईन, तुझं तोंड नीट बघेन, आणि मगच अण्णांचा हात तुझ्या हातात देईन. चपलांचे पट्टे तू लावायचेस, उंबऱ्यावर बसून.

तुझी,
उमामावशी